पांढऱ्यातली नीळ निघाल्यावर: टीव्ही कॅलिब्रेशनचा रिपोर्ट कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरात घर, ५५ इंची ओएलईडी टीव्ही, सहा महिने वापरलेला. पुण्याहून कॅलिब्रेशन करणारे (मीटरने मोजून टीव्हीचे रंग प्रमाणाशी जुळवणारे) आले, चार तास काम केलं आणि सहा पानी रिपोर्ट देऊन गेले. सरासरी डेल्टा ई (रंगाच्या चुकीचा आकडा) ८.१ वरून १.३ वर आला असं त्यात लिहिलंय. घरचे मात्र म्हणतात, चित्र पिवळं पडलं, अंधारलं, जुनंच बरं होतं. शिवाय निळ्या रंगाची चूक अजून ३.२ दिसते आणि एचडीआरच्या (जास्त उजेडाच्या पल्ल्याच्या चित्राच्या) पानावरची रेघ ७० टक्क्यांनंतर आडवी झालीये. तुमचा सवाल एकच: पैसे पाण्यात गेले का?

दिलेल्या आकड्यांवरून तरी तसं दिसत नाही. पण ज्या १.३ वर तुम्ही बोट ठेवलंय, तो या रिपोर्टमधला सगळ्यात कमी बोलणारा आकडा आहे. सरासरीचं पान बाजूला ठेवा आणि पांढऱ्यापासून सुरुवात करा.

सोलापूरकराला डेल्टा ई समजावून सांगायची खरं तर गरज पडू नये. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या डाईंगमध्ये कोणालाही विचारा. पार्टीने मंजूर केलेली मास्टर शेड आणि आपला लॉट, या दोन रंगांमधलं अंतर एका आकड्यात सांगायचं म्हणजे डेल्टा ई. तिथेही शेड बघायची ती डी६५ च्या, म्हणजे प्रमाण दिवसाच्या उजेडाच्या, पेटीत. टीव्हीसाठीही पांढऱ्याचा नेम तोच डी६५: एक्स ०.३१२७, वाय ०.३२९० (रंगांच्या नकाशावरची जागा सांगणारे दोन आकडे). फरक दोनच. कापडावर उजेड पडून परत येतो, टीव्ही स्वतः उजेड देतो. आणि कापडवाले बहुधा सीएमसीचं सूत्र वापरतात, टीव्हीवाले सीआयई २०००. म्हणून डाईंगमधला १ आणि टीव्हीतला १ एकमेकांशेजारी ठेवू नका. टीव्हीत साधारण हिशोब असा: १ च्या आत शेजारी शेजारी ठेवूनही कळत नाही, ३ पर्यंत चालत्या चित्रात कळत नाही, ५ च्या पुढे नजर असलेल्याला खटकतं. रिपोर्टवर सूत्राचं नाव आहे का तेवढं बघा. जुनं १९७६ चं सूत्र गडद, भडक रंगांना फुगवून आकडा देतं, त्यामुळे दोन वेगळ्या सूत्रांचे आकडे तुलनेला चालत नाहीत.

आता 'पिवळं पडलं' या तक्रारीकडे. तुमच्या 'आधी'च्या तक्त्यात ८० टक्के ग्रेची (८० टक्के सिग्नलच्या राखाडीची) ओळ आहे: एक्स ०.२८५, वाय ०.२९३. याचं रंग-तापमान निघतं साधारण ९,२०० केल्विन, आकडा जितका मोठा तितका पांढरा निळसर. नेम ६,५०० चा. म्हणजे सहा महिने तुम्ही जो पांढरा बघत होतात तो पांढरा नव्हताच, त्यात नीळ घातलेली होती. शर्ट धुतल्यावर नीळ का देतात? पांढरा जास्त पांढरा वाटतो म्हणून. टीव्ही कंपन्या स्टँडर्ड आणि व्हिव्हिड मोडमध्ये नेमकं तेच करतात, कारण शोरूमच्या ट्यूबलाइटखाली दहा टीव्ही ओळीने लावलेले असताना निळसर पांढऱ्याचा सेट सगळ्यात झळझळीत दिसतो आणि तोच विकला जातो. गड्ड्याच्या यात्रेचं चित्रण लावा. नंदीध्वजामागे चाललेल्या मानकऱ्यांची पांढरी बाराबंदी जुन्या मोडमध्ये निळसर दिसेल, नव्यात सुती कापडासारखी. कसोटी क्रिकेटचे कपडे लावले तरी तोच फरक.

डोळ्याला मात्र सवय लागलेली असते. नीळ काढली की साधा पांढरा पिवळा वाटणारच, आणि तो वाटायचा थांबायला आठ-पंधरा दिवस लागतात. त्या दिवसांत घरातल्या कोणी मधूनमधून जुना मोड लावून 'बघ बरं' केलं, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. एक साधी परीक्षा: पंधरा दिवस नवाच मोड ठेवा, सोळाव्या दिवशी जुना लावा. बहुतेकांना तो तेव्हा निळाशार दिसतो. तरीही पिवळंच वाटत राहिलं, तर रिपोर्टमध्ये किंवा मीटरमध्ये शोधायला जागा आहे. त्याबद्दल खाली.

एक सावधानी इथेच. रिपोर्टमध्ये '६,५१० केल्विन' लिहिलंय म्हणून पांढरा बरोबर आहे असं धरू नका. तापमान फक्त निळं-पिवळं सांगतं, हिरवं-गुलाबी सांगत नाही. एक्स ०.३१०५, वाय ०.३४५ हा बिंदूसुद्धा ६,५०० केल्विनच निघतो, पण तो उघड हिरवट आहे आणि त्याचा डेल्टा ई दहाच्या घरात जातो. म्हणून केल्विन वाचू नका, एक्स आणि वाय वाचा, किंवा त्याहून सोपं म्हणजे लाल-हिरवा-निळा असा तीन रेघांचा समतोलाचा आलेख बघा. तिन्ही रेघा १०० वर एकमेकींना चिकटून चालल्या पाहिजेत. तुमच्या 'नंतर'च्या पानावर ३० टक्क्यांना लाल ९८, हिरवा १०१, निळा १०० आहे. हे उत्तम आहे, यातून निघणारी चूक १ च्या आत राहते. निळी रेघ ११५ वर किंवा हिरवी एका टोकाला वर चढलेली असती, तर प्रश्न होता.

हा ग्रेचा आलेख रिपोर्टचा कणा आहे. ग्रे बिघडला की सगळेच रंग बिघडतात, कारण प्रत्येक रंगाच्या पोटात तोच समतोल असतो. कॅलिब्रेटर आधी दोन ठिकाणी काम करतो: वरच्या उजेडाला गेन आणि खालच्या अंधाराला ऑफसेट, म्हणजे साधारण ८० आणि ३० टक्क्यांवर. एवढ्याने रेघा सरळ झाल्या तर मधल्या वीस बिंदूंच्या (उजेडाच्या वीस पातळ्या सुट्या सुट्या हलवणाऱ्या) मेनूला हात न लावणं चांगलं. वीस बिंदू ओढून-ताणून प्रत्येक ठिकाणी ०.५ आणता येतो, आकडा देखणा होतो, पण दोन बिंदूंच्या मध्ये खाचा पडतात आणि संध्याकाळच्या आकाशात पट्टे उमटतात. तुमच्या रिपोर्टमध्ये वीसपैकी चारच बिंदू हलवलेले दिसतात. माणूस हात राखून काम करणारा आहे.

आता कमाल चूक. सरासरी १.३ च्या शेजारी बारीक अक्षरात 'कमाल ३.९, ५ टक्के' लिहिलंय. हे काळजीचं आहे का? गणित करून बघा. तुमचा पांढरा १२० निट (निट हे पडद्याच्या उजेडाचं एकक) आहे. गॅमा २.४ ने (गॅमा म्हणजे काय ते खाली येईल) ५ टक्क्यांचा उजेड निघतो ०.०९ निट. इतक्या अंधारात बरेच कलरीमीटर (रंग मोजणारे मीटर) स्वतःच चाचपडतात, दोनदा मोजलं तर दोन आकडे येतात. तिथला ३.९ टीव्हीचा किती आणि मीटरचा किती, हे सांगणं अवघड असतं. हाच ३.९ जर ५० किंवा ६० टक्क्यांवर असता, तर मात्र तो माणसांच्या चेहऱ्यावर दिसला असता, कारण चेहऱ्याचा उजेड त्याच पट्ट्यात राहतो. चूक किती यापेक्षा ती कुठे आहे हे बघायचं, ते यासाठी.

'अंधारलं' ही दुसरी तक्रार. इथे दोन कारणं एकात एक मिसळलीत आणि रिपोर्ट ती वेगळी करून देतो.

पहिलं कारण उजेड. आधी पांढरा ३१० निट होता, आता १२०. अंधाऱ्या खोलीसाठी स्टुडिओचा दंडक १०० निटचा आहे, म्हणजे १२० हा रात्रीचा योग्य आकडा. पण सोलापूरचं ऊन, पश्चिमेची खिडकी, पातळ पडदा आणि एप्रिलची दुपार, यात १२० निट बिचारे दिसणारच. ही कॅलिब्रेशनची चूक नव्हे, रात्रीचा मोड दुपारी लावल्याचा परिणाम आहे. चांगला कॅलिब्रेटर दोन मोड देऊन जातो, दिवसाचा आणि रात्रीचा. तुमच्या रिपोर्टमध्ये एकच दिसतो. फोन करून दुसरा मागा, किंवा स्वतः करा: रात्रीच्या मोडचे सगळे आकडे दुसऱ्या मोडमध्ये उतरवा आणि फक्त पॅनेलचा उजेड वाढवा. ओएलईडीत त्याला पिक्सेल ब्राइटनेस वगैरे नाव असतं, एलईडीत बॅकलाइट. हे बटण ओढल्याने पांढऱ्याचा रंग फारसा हलत नाही. काँट्रास्टला मात्र हात लावू नका. आणि नावांच्या घोळात फसू नका: सोनीच्या बऱ्याच सेटवर 'ब्राइटनेस' म्हणजे पॅनेलचा उजेड आणि काळ्याचं बटण वेगळं 'ब्लॅक लेव्हल' नावाने असतं, इतर काही सेटवर मात्र 'ब्राइटनेस' म्हणजेच काळ्याची पातळी. चुकीचं ओढलंत तर काळा राखाडी होईल.

दुसरं कारण गॅमा. सिग्नल आणि उजेड यांचं नातं म्हणजे गॅमा. १०० निटचा पांढरा धरला तर:

५० टक्क्यांना गॅमा २.२ देतो २१.८ निट, २.४ देतो १८.९.
२० टक्क्यांना २.९ निट आणि २.१ निट.
१० टक्क्यांना ०.६३ आणि ०.४०.

म्हणजे वरच्या भागात फरक किरकोळ, पण सावलीत २.४ हा २.२ पेक्षा तिसऱ्या हिश्श्याने अंधारा. घरच्या पडद्यासाठी सिनेमाचं काम २.४ वर, अंधाऱ्या खोलीत होतं, म्हणून रात्रीचा नेम २.४ धरतात. ट्यूब चालू असलेल्या हॉलमध्ये मात्र २.२ लावणं हा गुन्हा नाही. दिवसाच्या मोडला तेच ठेवा. रिपोर्टवर 'बीटी १८८६' लिहिलं असेल तर गोंधळू नका. २०११ साली ठरलेला हा नियम टीव्हीचा काळा किती काळा आहे ते बघून सावली थोडी उचलतो. ओएलईडीचा काळा शून्य असल्याने तुमच्या सेटवर तो २.४ सारखाच पडतो, एलईडीवर वेगळा पडला असता.

अंधाराबाबत एक खरा दोषही असू शकतो, तो तपासून घ्या. काळ्या कपड्यातल्या माणसाचे केस आणि कोट एकच डाग दिसत असतील, तर सेट-टॉप बॉक्स आणि टीव्ही यांच्यात पातळ्यांची जुळणी चुकलीये. व्हिडिओमध्ये काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. एकाने पूर्ण ० ते २५५ धरलं आणि दुसऱ्याने १६ ते २३५, की सावली गिळली जाते किंवा उलट सगळं धुरकट होतं. काळ्या पट्ट्यांची चाचणी-प्रतिमा लावा. १६ ची पट्टी दिसू नये, १७-१८ ची अंधारात नजर लावल्यावर जेमतेम, २० ची स्पष्ट दिसावी. कॅलिब्रेशन ज्या यंत्रावरून झालं त्यावर हे बरोबर असतं, तुमच्या बॉक्सवर असेलच असं नाही.

यातूनच सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी सांगितला जाणारा मुद्दा निघतो. रिपोर्ट टीव्हीचा नसतो. तो एका मोडचा, एका एचडीएमआय इनपुटचा आणि एका प्रकारच्या सिग्नलचा असतो. तुमचं काम एचडीएमआय २ वर, सिनेमा मोडमध्ये, एसडीआर (साधं, एचडीआर नसलेलं चित्र) आणि एचडीआर१० (एचडीआरचा नेहमीचा प्रकार) साठी झालंय. टीव्हीतल्याच अ‍ॅपवर सिनेमा लावलात तर तिथे तेच आकडे लागू झालेत याची खात्री नाही. मेनूत 'सर्व इनपुटला लागू करा' असं काही सापडेल, ते वापरा किंवा आकडे हाताने उतरवा. डॉल्बी व्हिजनचा (एचडीआरच्याच दुसऱ्या प्रकाराचा) मोड पूर्ण वेगळा, त्याला या रिपोर्टमध्ये पान नाही, म्हणजे तो फॅक्टरीचाच आहे. आणि फायर टीव्ही स्टिक वापरत असाल तर तिच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'ऑलवेज एचडीआर' आहे का बघा. असेल तर साधी मालिकासुद्धा एचडीआरचा वेष घालून येते, टीव्ही एचडीआर मोडमध्ये जातो आणि एसडीआरचं सगळं कॅलिब्रेशन कोपऱ्यात पडून राहतं. तिथे 'अडॅप्टिव्ह' हवं. 'काहीच फरक पडला नाही' अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा हेच बघायचं.

रंगांचं पान आता सोपं जाईल. टीव्ही दाखवू शकतो त्या रंगांचा त्रिकोण तिथे काढलेला असतो: त्याच्या टोकांवरचे लाल, हिरवा, निळा आणि मधले पिवळा, निळसर-हिरवा, जांभळट गुलाबी. एसडीआरसाठी नेम रेक ७०९ चा, म्हणजे एचडी टीव्हीच्या रंगांच्या प्रमाणाचा. आधीच्या त्रिकोणाचं लाल टोक नेमाच्या बरंच बाहेर होतं, म्हणून अँकरचे गाल टोमॅटो झाले होते आणि मैदानावरचं गवत प्लास्टिकचं. आता ते आत आलंय. रंग 'फिके' वाटण्याचं कारण हे.

उरला निळा, ३.२. पांढऱ्याच्या उजेडात हिरव्याचा वाटा ७१.५ टक्के, लालचा २१.३, निळ्याचा फक्त ७.२. तुमच्या १२० निटमध्ये निळ्याच्या वाट्याला ८.७ निट येतात. रिपोर्टमध्ये मोजलेले आहेत ९.९. आकड्यात चूक मोठी दिसते, डोळ्याला निळ्यातली ही चूक फार जाणवत नाही. रंगांच्या मेनूत निळा खाली ओढून हा ३.२ हून १ वर आणता येतो, पण बऱ्याच सेटवर हा मेनू ओबडधोबड असतो, १०० टक्के संपृक्ततेचा (पूर्ण भडक) निळा दुरुस्त होतो आणि ५० टक्क्यांचा बिघडतो. आकाश आणि जीन्स ५० टक्क्यांच्या आसपास राहतात, १०० वर जवळपास कधीच नाही. म्हणून १०० च्या बिंदूऐवजी २०, ४०, ६०, ८०, १०० अशी चढती संपृक्तता दाखवणारं पान बघा. तुमच्याकडे ते आहे आणि ४० ते ८० मध्ये निळा २ च्या आत आहे. सोडून दिलंय ते योग्य केलंय.

एचडीआरच्या पानाने जास्त लोक घाबरतात, विनाकारण. एसडीआरमध्ये टक्केवारी टीव्हीच्या स्वतःच्या पांढऱ्याच्या प्रमाणात असते. एचडीआर१० मध्ये तसं नाही. तिथे प्रत्येक सिग्नलला ठराविक निट नेमून दिलेले आहेत: ५० टक्के म्हणजे साधारण ९२ निट, ७० टक्के म्हणजे ६२०, ७५ टक्के म्हणजे ९८३, आणि १०० टक्के म्हणजे १०,०००. तुमच्या सेटचा सर्वोच्च उजेड, पडद्याचा दहा टक्के भाग व्यापणाऱ्या पांढऱ्या चौकोनात, ६२० निट मोजलाय. म्हणजे ७० टक्क्यांच्या पुढचं त्याच्या कुवतीत नाहीच, रेघ आडवी होणारच. बघायचं ते दुसरं: ७० च्या खाली मोजलेली रेघ नेमाच्या रेघेवर बसते का? ती बसली असेल तर सेट प्रामाणिक आहे. काही टीव्ही ६० च्या आसपासच वळायला लागतात आणि उरलेला उजेड ढगांचे, दिव्यांचे तपशील टिकवायला वापरतात. तेही चालतं. ४० टक्क्यांपासूनच रेघ नेमाच्या वर पळत असेल, तर कुठलातरी 'डायनॅमिक' पर्याय चालू राहिलाय. एचडीआरमध्ये कॅलिब्रेटरला एसडीआरइतकी मोकळीक नसते, म्हणून तिथला सरासरी डेल्टा ई जास्त दिसणं स्वाभाविक आहे. तिथे कधीकधी डेल्टा ई आयटीपी हे वेगळंच माप वापरतात. त्याचे आकडे एसडीआरच्या पानाशेजारी ठेवून कपाळाला हात लावू नका.

पूर्ण पडदा पांढरा केला तर तुमचा ६२० चा सेट दीडशेच्या आसपास उतरेल. ओएलईडीचा हा स्वभाव आहे, वीज आणि उष्णता आवरायला पॅनेल स्वतःच उजेड कापतं.

आता मीटर. 'पिवळं वाटणं थांबत नाही' याचं मूळ इथे असू शकतं. पहिल्या पानावर मोजणीचं यंत्र, चौकोनाचा आकार, सिग्नल जनरेटर, टीव्हीचे चाललेले तास आणि मोड लिहिलेले हवेत. त्यात कलरीमीटर असेल, आणि बहुधा तोच असतो, तर त्याला तुमच्या जातीच्या पॅनेलसाठी दुरुस्ती दिली होती का? कलरीमीटर रंगीत काचांमधून बघतो. ओएलईडी, क्यूडी-ओएलईडी आणि एलईडी यांच्या उजेडाची घडण वेगळी, त्यामुळे दुरुस्तीशिवाय तो पांढरा बऱ्यापैकी चुकीचा वाचतो. चोख काम म्हणजे स्पेक्ट्रोने (उजेडाचा पूर्ण वर्णपट मोजणाऱ्या यंत्राने) तुमच्याच पडद्याचा उजेड आधी मोजायचा, त्यावर कलरीमीटर जुळवून घ्यायचा आणि मग कलरीमीटरने वेगात काम करायचं. दुरुस्ती नसेल तर रिपोर्टवरचा ०.६ सुद्धा खोटा: टीव्ही चुकीच्या मीटरशी अगदी अचूक जुळवला, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या रिपोर्टमध्ये 'प्रोब मॅच' अशी ओळ आणि स्पेक्ट्रोचं नाव आहे. म्हणजे हे काम झालंय.

तरीही दोन पडदे, दोघांचे एक्स-वाय तंतोतंत सारखे, आणि डोळ्याला एक हिरवट दुसरा गुलाबी, असं होऊ शकतं. डाईंगवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे: डी६५ मध्ये जुळलेली शेड दुकानाच्या टीएल८४ ट्यूबखाली फुटते, म्हणजे वेगळी दिसते. टीव्हीत खोलीचा दिवा न बदलताही तसाच खेळ होतो. मोजमापाचा 'प्रमाण डोळा' १९३१ साली ठरला, अवघ्या १७ जणांच्या निरीक्षणांवरून. अरुंद पट्ट्यांचा उजेड देणाऱ्या नव्या पॅनेलवर तो डोळा प्रत्येकाच्या डोळ्याशी जुळत नाही. म्हणून ओएलईडीवर काही कॅलिब्रेटर मुद्दाम पांढरा नेमापासून थोडा हलवतात, आणि तसं रिपोर्टवर लिहून ठेवतात. लिहिलं नसेल तर विचारा.

रिपोर्टवाल्यांची एक युक्तीही सांगून ठेवतो, तुमच्याकडे ती थोडी वापरलीये. 'आधी'ची मोजणी स्टँडर्ड मोडची, 'नंतर'ची सिनेमा मोडची. ८.१ वरून १.३ ही उडी त्यामुळे नाट्यमय दिसते. पण त्यातली बरीच उडी केवळ मोड बदलल्याची आहे, ती तुम्ही रिमोटने फुकटात मारली असती. आजच्या चांगल्या सेटवर सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड, वॉर्म रंगावर, पेटीतून काढल्या काढल्या २ ते ४ च्या घरात असतो. फिल्ममेकर मोडची घोषणा २०१९ साली झाली, ती प्रेक्षकाला एका बटणावर हे मिळावं म्हणूनच. खरी मेहनत ३ वरून १.३ ची. ती करायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण 'आधी'ची मोजणी त्याच मोडची मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे. अजूनही मागता येईल, मोजलेली असली तर फाइल त्यांच्याकडे असते.

खोलीबद्दल थोडं. आपल्याकडे घरोघरी 'कूल डेलाइट' ट्यूब असतात, नावापुरत्या ६,५०० केल्विनच्या. स्वस्त ट्यूब प्रत्यक्षात त्याहून निळ्या किंवा हिरवट निघतात आणि त्यांच्या शेजारी बरोबर असलेला पडदा पिवळा दिसतो. रात्री ती ट्यूब बंद करून टीव्हीमागे ६,५०० केल्विनची, रंग चांगले दाखवणारी दिव्यांची पट्टी लावा. तिचा भिंतीवरचा उजेड पडद्याच्या पांढऱ्याच्या दहाव्या हिश्श्याइतका पुरे. भिंत पिस्ता किंवा गुलाबी असेल तर पट्टीचा काय उपयोग, ती भिंतीचा रंगच डोळ्यात घालणार. टीव्हीमागचा एवढा तुकडा राखाडी रंगवला तरी चालतो.

व्होल्टेजच्या चढउताराने रंग बदलत नाहीत, त्यासाठी स्टॅबिलायझर घ्यायची गरज नाही. ज्या दोन गोष्टींनी कॅलिब्रेशन खरंच उडतं त्या म्हणजे सॉफ्टवेअर अपडेट आणि घरातल्या कोणीतरी दाबलेलं 'पिक्चर रीसेट'. आजच मेनूचं एकेक पान मोबाइलवर फोटो काढून ठेवा, वीस बिंदूंचं आणि रंगांचं पानसुद्धा. ऊर्जा बचत, खोलीच्या उजेडाचा सेन्सर आणि 'एआय पिक्चर' बंद आहेत ना, तेही त्याच वेळी बघा. हे तिन्ही अपडेटनंतर गुपचूप चालू होतात आणि चालू असताना पानावरच्या एकाही आकड्याला अर्थ उरत नाही. शेजाऱ्याचा तोच मॉडेल असेल तर त्याला वीस बिंदूंचे आकडे देऊ नका, पॅनेल-पॅनेलमध्ये फरक असतो. त्याला मोड, वॉर्म रंग आणि बंद करायच्या पर्यायांची यादी द्या.

पुन्हा मोजणी कधी? ओएलईडी पहिल्या शे-दोनशे तासांत जास्त सरकतो, तुमचा ते ओलांडून गेलाय. आता दीड-दोन हजार तासांनी नुसती पांढऱ्याची आणि ग्रेची तपासणी केली तरी भागतं, पूर्ण काम काढायची गरज नसते. त्यांना बोलवाल तेव्हा टीव्ही ते येण्याआधी पाऊण तास चालू ठेवा, नाहीतर पहिला तास तो तापण्यातच जाईल आणि त्याचेही पैसे लागतील. दिवसाचा मोड मात्र त्याच फेरीत करून घ्या, पडदे उघडे ठेवून, दुपारी.